तळटीप : तंजावरचे यवनी वळण
१. ‘यवनी थाट’ : यवन शब्द येथे त्याच्या मूळ, म्हणजे ग्रीक, अर्थाने घ्यावा. जेफरसनकालीन श्रीमंत अमेरिकी घरांत ग्रीक-रोमन स्तंभांच्या सावलीत कन्यकांनी पियानो वाजवावा (या वाद्याच्या पायपट्ट्या धरणारी चौकट अद्याप ग्रीक ‘लायर’चेच नाव मिरविते), या प्रघातास समकालीन मराठी जोड शोधू गेल्यास ती तंजावरच्या दरबारी सापडते. दुसरे सरफोजीराजे (१७७७–१८३२) यांनी पाश्चात्त्य वाद्यवृंद पदरी बाळगिला. त्यांचे कारभारी वराहप्पा दीक्षित स्वतः व्हायोलिन वाजवीत. आणि राजांचा संगमरवरी पुतळा घडविला तो होमरच्या महाकाव्यांवरील रेखाचित्रांनी ख्यातनाम झालेल्या फ्लॅक्समनने. ग्रीक सूर मात्र दोहींकडे कोणाच्याच कानी पडला नव्हता. पुतळा तंजावरच्या राजवाड्यात आहे. (संपादक, जुईनगर)