दप्तराचे वारस

सरकारी कचेरीत जुन्यांचे आणि नव्यांचे पटत नाही, ही तक्रार आजची नाही. निवृत्तीला टेकलेला अव्वल कारकून म्हणतो, ‘या पोरांना कागदाची किंमत नाही.’ नुकताच परीक्षा देऊन लागलेला तरुण म्हणतो, ‘अण्णांना यंत्राची धास्ती वाटते.’ दोघांचे ऐकून घ्यावे आणि हसून सोडून द्यावे, असे आपल्याला वाटते. पण आमच्या नगर जिल्ह्याच्या (२०२४ पासून त्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे) महसुली दप्तराचा गेल्या पाऊणशे वर्षांचा इतिहास चाळला, म्हणजे हा नुसता वयाचा तंटा नाही, हे ध्यानात येते. दर पिढीला चाकरीच्या अटी निराळ्या मिळाल्या आणि दर पिढीच्या हाती हत्यारही निराळे आले. माणसे बदलली ती त्यामुळे.

एक काळ असा होता की गावकामगारांत दोन पिढ्यांचा फरकच नसे. कुलकर्ण्याचा मुलगा कुलकर्णी आणि पाटलाचा मुलगा पाटील. मलिक अंबरने निजामशाहीत जमिनीचा धारा बांधून दिला, पुढे पेशवाई आली आणि १८१८ साली तीही बुडाली. राज्ये बदलली, पण गावचे दप्तर रुमालात बांधलेले कुलकर्ण्याच्या घरीच राहिले. इंग्रजांनी १८७४ साली कायदा करून या वतनांना सरकारी चौकट घातली. मोडीची वळणे मुलगा बापाजवळ बसून गिरवी. कोणत्या बांधावरून कोणत्या भावकीत वाकडे आहे, हेही त्याला तिथेच कळे. शाळा घरची आणि नोकरीही घरची.

मात्र या वारशाकडे फार हळव्या नजरेने पाहू नये. महार वतनदारालाही बापाचे काम वारशानेच मिळे. पण ते काम म्हणजे वेळीअवेळी सरकारचा सांगावा घेऊन धावणे आणि तुटपुंज्या मोबदल्यावर राबणे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात त्या १८७४ च्या कायद्याच्या दुरुस्तीचे बिल मांडले, ते या जोखडातून माणसे सुटावीत म्हणून. एकाच चावडीवर एकाला जो वारसा वाटे, तीच दुसऱ्याच्या पायातली बेडी होती.

अनेक गावांत पगारी तलाठी आधीच आले होते. १ मे १९५१ पासून कुलकर्णी वतने कायद्यानेच संपली, १९५९ साली महार वतने गेली आणि १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटीलकीही उठली. आता जन्म विचारला जात नव्हता, परीक्षा विचारली जात होती. जी घरे पिढ्यान्‌पिढ्या चावडीच्या पायरीखाली उभी राहिली, त्या घरांतील मुलांना दप्तरापुढे बसण्याची वाट मोकळी झाली. स्वतंत्र भारताच्या कचेरीतला पहिला पिढीबदल हा असा होता, आणि तो न्यायाचा होता.

पण या बदलात एक गोष्ट हातून निसटली. मोडी शाळांतून गेली, कचेरीतूनही गेली. नवा तलाठी बाळबोध लिहू लागला. मागचे रुमाल माळ्यावर चढले. वतन संपवणे जरूर होते; वतनदाराची विद्या उतरवून घेणेही तितकेच जरूर होते. ते पुरतेपणी झाले नाही. त्याची किंमत २०२३ साली कळली. कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, जिल्ह्याजिल्ह्यांत जुनी दप्तरे उघडली आणि मोडी वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला. कागद होते, पण त्यांना बोलते करणारी माणसे विरळ झाली होती.

दुसरे स्थित्यंतर खुद्द नगरच्या कलेक्टर कचेरीत घडले. १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अनिलकुमार लखिना हे येथे जिल्हाधिकारी होते. साचलेल्या कागदांची त्यांनी छाननी करवली. कायम ठेवायचे, मुदतीपर्यंत ठेवायचे आणि नष्ट करायचे असे वर्ग पाडून दप्तर लावले. बसण्याची मांडणीही बदलली. ‘लखिना पॅटर्न’ या नावाने ही पद्धत पुढे महाराष्ट्रभर गेली. तिचे मर्म स्वच्छतेपेक्षा खोल आहे. ज्या कचेरीत कागद कुठे आहे हे फक्त एका जुन्या कारकुनाला ठाऊक असते, तिथे तो रजेवर गेला की शेतकऱ्याची खेप फुकट जाते. दप्तर लावले, की काल लागलेल्या पोरालाही कागद सापडतो. जुन्याचा मान स्मरणशक्तीवर टिकून होता. तो आता अनुभवावर टिकवणे भाग पडले.

मग संगणक आला. संगणकाची परीक्षा उतरली नाही तर वेतनवाढ रोखली जाऊ लागली. पन्नाशी ओलांडलेल्यांना मात्र सूट मिळाली. सूट मिळाली खरी, पण तिने जुन्यांना नव्यांच्या खुर्चीमागे उभे केले. २०१८ च्या महाराष्ट्रदिनापासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला आणि २०२१ पासून पीकपाहणी शेतकरी आपल्याच मोबाईलवर नोंदवू लागला. तरीही फेरफाराचा मूळ घोळ कुठे झाला, हे यंत्र सांगत नाही. ते सांगतो तो जुन्या नोंदींवरून बोट फिरवलेला माणूस.

या सगळ्याहून तीव्र रेषा ओढली ती १ नोव्हेंबर २००५ या तारखेने. त्या दिवशी वा त्यानंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, असे ठरले. शेजारशेजारच्या दोन टेबलांवर काम एकच, पण एकाचे म्हातारपण सरकारने बांधलेले आणि दुसऱ्याचे बाजारावर सोडलेले. अशा वेळी ‘नव्यांना नोकरीची माया नाही’ असे म्हणण्यापूर्वी नोकरीने त्यांना कोणती माया दाखवली, हे पाहायला नको काय?

आणि इथेच एक गोष्ट मोठी समाधानाची घडली. १४ ते २० मार्च २०२३ असा सात दिवस राज्यातील कर्मचाऱ्यांनी जुन्या पेन्शनसाठी संप केला. लोकांची कामे अडली, हे खरेच. पण त्या संपात ज्यांची पेन्शन आधीच पक्की होती, तेही उतरले होते. स्वतःला काही मिळायचे नसताना थोरल्यांनी धाकट्यांसाठी पगार पणाला लावला.

ज्यांना एकमेकांसाठी रस्त्यावर उतरता येते, त्यांना एकमेकांजवळ बसून शिकता येऊ नये, असे नाही. वतन घरात मुरत होते. आजची नोकरी प्रत्येकाला नव्याने मिळते, म्हणून तिच्यातली विद्या जाणूनबुजून हाती द्यावी लागते. निवृत्त होणाऱ्याने सत्काराचा नारळ घेण्याआधी सहा महिने धाकट्याला शेजारी बसवावे. धाकट्याने त्याला यंत्रावर चार गोष्टी दाखवाव्यात. मोडी आपण एकदा माळ्यावर टाकली. तिच्यामागून आणखी एक पिढी तिथे जाऊन पडली, तर झीज कचेरीची नव्हे, दारात कागद घेऊन उभ्या असलेल्या शेतकऱ्याची होईल.