दहा मिनिटांचं काम

गिरगावातल्या चाळींमध्ये मोतीबिंदूचं ऑपरेशन ही आता बातमी राहिलेली नाही. सकाळी गेल्या, दुपारी घरी आल्या, संध्याकाळी काळा चष्मा लावून गॅलरीत हजर. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "दहा मिनिटांचं काम रे, कळलंसुद्धा नाही!"

पेशंटला कळलं नाही हे उत्तमच. पण सुरी ज्याच्या हातात होती त्याला तर सगळं कळत असणार ना? मी पडलो सॉफ्टवेअरवाला. शुक्रवारी संध्याकाळी प्रॉडक्शनवर कोड टाकायचा म्हटलं की आमच्या पोटात गोळा येतो, आणि आमच्याकडे निदान कालची व्हर्जन परत आणायची सोय तरी असते. डोळ्याला बॅकअप नाही :-)

म्हणून या विषयावर जमेल तेवढं वाचून काढलं. त्यातून माझ्या हाती लागलेलं सूत्र असं: मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये जी जी सुधारणा झाली, तिने पेशंटचा त्रास कमी केला आणि डॉक्टरचा ताण वाढवला.

सुश्रुतसंहितेत या शस्त्रक्रियेचं वर्णन आहे, म्हणजे प्रकार चांगला जुना. पुढे शतकानुशतकं जगभर चालत आलेली पद्धत अशी, की डोळ्यात सुई घालायची आणि गढूळ झालेलं भिंग आतल्या आत खाली ढकलून द्यायचं. उजेड लगेच आत येई, पेशंट खूश. डोळा पिकणं, दाब वाढणं वगैरे सगळं नंतर. तोवर सुईवाला पुढच्या गावी. युरोपातही हीच तऱ्हा. जॉन टेलर नावाचा एक इंग्रज असाच गावोगाव फिरायचा. डोळ्याची पट्टी सुटायच्या आत गाव सोडण्याबद्दल तो प्रसिद्ध होता. १७५० साली त्याने लाइपझिगला थोर संगीतकार बाख यांच्या डोळ्यावर दोनदा ऑपरेशन केलं. बाख आंधळेच राहिले आणि त्याच वर्षी जुलैत वारले. टेलरला ताण आला असेल का? मला नाही वाटत. ज्याला निकाल बघायचाच नाही, त्याला कसला ताण?

त्याच सुमारास फ्रान्समध्ये झाक दाव्हिएल यांनी भिंग ढकलण्याऐवजी बाहेर काढायला सुरुवात केली, आणि १७५२ मध्ये आपली पद्धत मांडली. पुढे हे काम हळूहळू हॉस्पिटलांत गेलं. आपल्याकडे ग्रँट मेडिकल कॉलेज आणि जे. जे. हॉस्पिटल १८४५ सालचं. सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून तिथे डोळ्यांचं हॉस्पिटल झालं ते १८६० च्या दशकात. गिरगावातून सी. पी. टँक, नळबाजार करत चालत गेलं तर फार लांब नाही. हॉस्पिटल आलं म्हणजे पेशंट दुसऱ्या दिवशी सकाळी तिथेच, त्याच खाटेवर. डॉक्टरला आता गाव सोडता येईना.

तोवर डोळा बधिर करायची सोय नव्हती. पेशंटला चार जणांनी धरून ठेवायचं. १८८४ मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल कोलर या २६-२७ वर्षांच्या डॉक्टरने दाखवून दिलं की कोकेनचे थेंब टाकले तर डोळा बधिर होतो. (हायडेलबर्गच्या परिषदेला जायला त्याच्याकडे गाडीभाड्याचे पैसे नव्हते, त्याचा निबंध दुसऱ्यानेच वाचला. म्हणजे बजेट नसणं हे आयटीपुरतं नाही!) पेशंटच्या दृष्टीने ही क्रांतीच. पण त्या दिवसापासून तो टेबलावर जागा आहे, शांत आहे आणि ऐकतोय. डॉक्टरला साधं "अरेच्चा!" म्हणायची सोय उरली नाही. शिकवणाऱ्या हॉस्पिटलात तर आणखी पंचाईत. ज्युनियरचा हात चुकतोय हे सीनियरने सांगायचं कसं? पेशंट घाबरून हलला तर संपलंच.

मग १९४९. लंडनच्या हॅरोल्ड रिडली यांनी काढलेल्या भिंगाच्या जागी प्लॅस्टिकचं भिंग बसवलं. विमानाच्या काचेचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यात घुसूनही डोळा ते सहन करतो, हे त्यांनी युद्धाच्या काळात पाहिलं होतं. समव्यवसायिकांनी वर्षानुवर्षं विरोध केला, पण शेवटी भिंग टिकलं. त्याआधी सोडा बाटलीच्या बुडासारखा चष्मा लावून काठीशिवाय चालता आलं तरी ऑपरेशन यशस्वी. आता पेशंटला बिनचष्म्याचं वर्तमानपत्र वाचायचं असतं.

आणखी एक गोष्ट. पूर्वी मोतीबिंदू 'पिकू द्या' म्हणायचे. पिकलेल्या डोळ्याला दिसतच नसे, त्यामुळे गमावण्यासारखं फार नव्हतं. आता पिकायची वाट बघत नाहीत. टेबलावर येणाऱ्या पेशंटला बऱ्यापैकी दिसत असतं, म्हणजे बिघडवायलाही बरंच शिल्लक असतं.

आजची पद्धत चार्ल्स केलमन यांनी १९६७ मध्ये सुरू केली. त्यांना ती सुचली दंतवैद्याच्या खुर्चीत, दात साफ करायचं अल्ट्रासाउंडचं यंत्र पाहून. दोन-तीन मिलिमीटरची चीर, आतल्या आत भिंग फोडून शोषून घ्यायचं, टाका नाही. डॉक्टर मात्र मायक्रोस्कोपला डोळे लावून दोन्ही हात आणि दोन्ही पाय वापरतोय. एका पायाखाली मायक्रोस्कोपचं पेडल, दुसऱ्याखाली मशीनचं. समोर भिंगाच्या पिशवीचा मागचा पडदा, जाडी साधारण ४ मायक्रॉन, म्हणजे केसाच्या पंधराव्या-विसाव्या हिश्श्याएवढी. तो फाटला तर तुकडे डोळ्याच्या तळाशी जाऊ शकतात. ऑपरेशन चालू असताना सर्जनच्या नाडीचे ठोके मोजण्याचे प्रयोग झालेत, आणि ते वाढलेले दिसतात. नवल नाही.

आता हे दिवसातून किती वेळा? अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ मध्ये आला आणि १९९४ मध्ये जागतिक बँकेच्या मदतीने मोतीबिंदूचा मोठा प्रकल्प सुरू झाला. त्यातल्या सात राज्यांत महाराष्ट्र होता. विजापूरकडच्या बिळगीचे डॉ. एम. सी. मोदी यांच्या नावावर तर एका दिवसात ८३३ ऑपरेशनांचा विक्रम आहे. आणि आपल्या जे. जे.चे डॉ. तात्याराव लहाने. १९९५ मध्ये आईने, अंजनाबाईंनी, त्यांना मूत्रपिंड दिलं. त्यानंतरही ते ऑपरेशनं करत राहिले. त्यांचा आकडा एक लाखाच्या वर गेला, आणि २००८ मध्ये पद्मश्री मिळाली.

हे आकडे वाचून अभिमान वाटतोच. पण मला दिसतो तो अशाच एखाद्या सरकारी थिएटरातला पंचविशी-सत्ताविशीचा, साधारण माझ्याच वयाचा रेसिडेंट. बाहेर पेशंटची रांग, मागे उभे सर, टेबलावर जागं असलेलं कुणाचं तरी माणूस. वैमानिकाने सलग किती तास उडायचं याला नियम आहेत. या मुलाने मात्र घामाघूम होऊनही आवाज शांत ठेवायचा, कारण पेशंटला 'कळता' कामा नये. त्याचं काम जितकं चांगलं, तितकं ते आपल्याला सोपं वाटणार!

असो. तेव्हा यापुढे गॅलरीत कुणी "दहा मिनिटांचं काम" म्हणालं, की मी एवढंच विचारणार आहे, "आजी, त्या दिवशी यादीत तुमचा नंबर कितवा होता?"