मॅक्सवेल स्ट्रीटवरचे गाणे

१९८० साली ‘द ब्लूज ब्रदर्स’ हा चित्रपट प्रदर्शित झाला आणि त्यातील अकरा रचनांची तबकडी अटलांटिक कंपनीने बाजारात आणली, तेव्हापासून तिच्याविषयी रसिकांत जो वाद माजला तो अद्याप निकालात निघालेला नाही. आणि दोन्ही पक्षांच्या कैफियती ऐकत गेले म्हणजे तबकडीपेक्षा शिकागो शहरातील एका बाजाराचा इतिहासच अधिक उलगडत जातो.

निष्ठावंतांचे म्हणणे असे की, दूरचित्रवाणीवरील विनोदी कार्यक्रमातून पुढे आलेल्या जॉन बेलुशी आणि डॅन ऍक्रॉइड या दोन गोऱ्या नटांनी काळ्या टोप्या व काळे चष्मे चढवून कृष्णवर्णीयांच्या व्यथेचे सोंग आणले, आणि ज्यांनी ती व्यथा जन्मभर गायिली त्यांची एकेका गाण्यावर बोळवण केली. शिवाय नाव ब्लूजचे असले तरी ‘स्वीट होम शिकागो’सारखी एखाददुसरी रचना वगळता तबकडीत भरणा आहे तो मुख्यतः सोल संगीताचा, आणि ‘रॉहाइड’ तर गुराख्यांच्या मालिकेचे शीर्षकगीत! प्रतिपक्ष सांगतो की, डिस्कोच्या लाटेत मागे पडलेल्या अरीथा फ्रँकलिन, रे चार्ल्स व जेम्स ब्राउन यांच्याकडे नव्या पिढीचे कान वळविले ते याच तबकडीने. सत्तरी ओलांडलेल्या कॅब कॅलोवेने १९३१ सालचे आपले ‘मिनी द मूचर’ तीत पुन्हा गायिले. आणि ज्या स्टीव्ह क्रॉपर व डोनाल्ड डन यांनी मेंफिसच्या स्टॅक्स कंपनीत सोलचा नाद घडविला तेच साथीला बसले असता बनावटीचा आरोप कसा टिकावा? लावणी फडातून चित्रपटात गेली तेव्हा आपल्याकडील जाणत्यांनी केलेली कुरकुर ज्यांना आठवते, त्यांना हा मामला मुळीच परका वाटणार नाही.

माझ्या मते दोन्ही पक्षांपेक्षा वजनदार तक्रार तिसरीच आहे. चित्रपटात अरीथा आपल्या खाणावळीत नवऱ्याला खडसावीत ‘थिंक’ हे गाणे म्हणते आणि त्याच खाणावळीबाहेर, भर रस्त्यात, जॉन ली हूकर ‘बूम बूम’ गातो. खाणावळीतले गाणे तबकडीवर आले. रस्त्यावरचे वगळण्यात आले. साऱ्या चित्रपटात अस्सल ब्लूज म्हणून निःशंकपणे बोट ठेवावे असे स्थळ हेच, आणि चाहत्यांना नेमके तेच विकत घेता येईना.

तो रस्ता म्हणजे मॅक्सवेल स्ट्रीट. शहराच्या मध्यवस्तीच्या नैर्ऋत्येस, पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू निर्वासितांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे हातगाड्यांचा बाजार वसविला, आणि १९१२ साली नगरपालिकेने त्याला रीतसर मान्यता दिली. ज्यूंचा विश्रांतिदिन शनिवार असल्यामुळे, इतरत्र सामसूम असे त्या रविवारी येथे गर्दीला पूर येई. मिसिसिपीच्या कापूस-मुलखातून आगगाडीने उत्तरेकडे आलेल्या कृष्णवर्णीय मजुरांनी हीच गर्दी हेरली. परंतु बाजाराच्या कोलाहलात साध्या गिटारचा टिकाव लागेना, म्हणून दुकानदाराला किंवा माडीवरच्या भाडेकरूला चार पैसे देऊन खिडकीतून विजेची तार खाली सोडवून घ्यावी आणि ध्वनिवर्धक लावून दिवसभर वाजवावे, अशी वहिवाट पडली. शिकागोच्या ब्लूजचा तो करकरीत, विजेने तापलेला आवाज घडविण्यात ध्वनिमुद्रणशाळेइतकाच या गरजेचाही वाटा आहे. माऊथ ऑर्गनचा किमयागार लिटल वॉल्टर याची पहिली तबकडी १९४७ साली निघाली, तीही याच रस्त्यावरील एका रेडिओच्या दुकानदाराने काढलेल्या ओरा नेल या इवल्याशा कंपनीतून.

हूकर स्वतः डेट्रॉइटचा; त्याचे ‘बूम बूम’ मात्र शिकागोच्या व्ही-जे कंपनीने १९६२ मध्ये प्रसिद्ध केलेले. चित्रपटासाठी ते त्याने जागेवरच गायिले, आणि साथीला पाइनटॉप पर्किन्स व बिग वॉल्टर हॉर्टन यांच्यासारखे शिकागोचे मुरलेले वादक होते. वगळण्यामागे कंपनीचा हिशेब काय होता यात मी शिरत नाही. एका तबकडीच्या दोन बाजूंवर मावणारे संगीत मोजकेच असते, हे तर उघड आहे. पण ‘रॉहाइड’ला जागा मिळाली आणि हूकरला मिळाली नाही, हा निवाडा मला आजही चमत्कारिक वाटतो.

तबकडीने नाकारलेल्या या गाण्याला पुढे १९९२ साली इंग्लंडात विक्रीच्या यादीत मानाचे स्थान मिळाले, तेही जीन्सच्या एका जाहिरातीच्या पाठीवर बसून. रस्त्याच्या नशिबी मात्र तसे काही नव्हते: शेजारच्या विद्यापीठाला विस्तारासाठी जमीन हवी होती, सबब १९९४ साली बाजार तेथून उठवून कनाल स्ट्रीटवर नेण्यात आला, आणि ज्या खऱ्याखुऱ्या खाणावळीत अरीथाचे गाणे चित्रित झाले होते तीही पुढे पाडण्यात आली.