नानायमो बार: मधल्या थराची गोष्ट

माझ्या धाकट्या बहिणीला अंड्याची ॲलर्जी. त्यामुळे आमच्याकडे केक आला की आधी बॉक्सवरची बारीक अक्षरं वाचायची, मग मेणबत्ती.

१८३७, बर्मिंगहॅम. केमिस्ट आल्फ्रेड बर्डच्या बायकोलाही अंडी चालत नसत. त्याने कॉर्नफ्लोअर वापरून बिनअंड्याचं कस्टर्ड केलं. आपल्या फ्रूट सॅलडमधली पावडर त्याच घराण्यातली!

पुढे ती कॅनडातल्या नानायमोत, म्हणजे एकेकाळच्या कोळसा खाणींच्या गावात, एका वडीत शिरली. खाली बिस्किटचुरा, खोबरं, अक्रोड आणि कोको, मध्ये लोणी, पिठीसाखर आणि कस्टर्ड पावडर, वर चॉकलेट. ओव्हन नाहीच, फक्त फ्रिज. १९५२ मध्ये तिथल्या हॉस्पिटलच्या महिला मंडळाच्या पाककृतींच्या पुस्तकात जवळपास सारख्या तीन कृती छापल्या गेल्या. पुढे तर महापौरांनी स्पर्धाच घेतली.

गंमत बघा, बिनअंड्याच्या कस्टर्डखालचा थर बांधायला लागतं अंडंच! हा बग मी कंडेन्स्ड मिल्क घालून फिक्स केला. पहिला ट्रे भुसभुशीत झाला, दुसरा नीट कापला गेला. बहिणीने बॉक्स न शोधता तीन तुकडे खाल्ले.