परवलीच्या शब्दाचे दळण

अलिबाबाच्या गोष्टीतला कासिम गुहेत अडकला तो परवलीचा शब्द विसरल्यामुळे. संगणकाला अशा शब्दाची गरज पडली १९६० च्या दशकाच्या आरंभी, अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत. फर्नांडो कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेकांना एकाच वेळी एक संगणक वापरता येईल अशी व्यवस्था उभारली. प्रत्येकाच्या फायली निराळ्या आणि वेळ मोजका. मग समोर कोण बसले आहे हे यंत्राला कळावे कसे? म्हणून प्रत्येकाला एकेक शब्द आला.

१९६२ साली ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला आठवड्याचे चार तास पुरेनात. सर्वांचे शब्द एकाच फायलीत जसेच्या तसे लिहिलेले होते. ती फाइल छापून मिळावी अशी मागणी त्याने छिद्रपत्रावर नोंदवली आणि यंत्राने ती मुकाट्याने छापून दिली! पुढे १९६६ च्या सुमारास तर चोराचीही गरज उरली नाही. एक जण परवलीच्या शब्दांची फाइल दुरुस्त करत होता, दुसरा त्या दिवसाची सूचना. दोघांच्या तात्पुरत्या फायलींना एकच नाव असल्याने त्यांची अदलाबदल झाली आणि जो काम सुरू करी त्याच्यापुढे सूचनेऐवजी सगळ्यांचे शब्द उमटू लागले. कुलूप लावून किल्ली दारालाच टांगण्यातला हा प्रकार.

केंब्रिजच्या रॉजर नीडहॅम यांना यावर उपाय सुचला: मूळ शब्द साठवायचाच नाही. वर्गात हे सांगताना आम्ही दळणाचे उदाहरण घेतो. गव्हाचे पीठ होते, पिठाचे गहू होत नाहीत. संगणकाने शब्दाचे गणिती पीठ तेवढे जपावे. माणूस पुन्हा आला की त्याने दिलेला शब्द दळावा आणि दोन्ही पिठे ताडून पाहावीत. (उदाहरण तंतोतंत नाही, पण मुलांना पटते.) या पिठात मीठही पडते. दळण्यापूर्वी प्रत्येक शब्दात एक यादृच्छिक संख्या मिसळतात. तिला इंग्रजीतही 'सॉल्ट'च म्हणतात. बेल प्रयोगशाळेतल्या रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी १९७९ च्या निबंधात ही युक्ती मांडली. त्यांच्या मिठाचे ४०९६ प्रकार होते. दोघांचा शब्द एकच असला तरी पीठ सहसा निराळे निघे, त्यामुळे आख्खा शब्दकोश आधीच दळून ठेवणाऱ्या चोराचे काम तितक्याच पटींनी वाढे. आजच्या ईमेल खात्यांमागे, व्यवस्था नीट केलेली असेल तर, हेच तत्त्व असते.

मात्र त्याच निबंधातले आकडे पाहा. तपासलेल्या ३२८९ शब्दांपैकी २८३१ शब्द सहज शोधता येण्याजोगे होते. १५ जणांचा 'शब्द' म्हणजे एकच अक्षर होते, ७२ जणांचा दोन अक्षरे! शब्द असे असतील तर पिठाचे गहू करायची गरजच काय? अंदाजाने एकेक शब्द घ्यावा, दळावा, ताडून पाहावा.

२ नोव्हेंबर १९८८ रोजी इंटरनेटवर सुटलेल्या एका स्वयंप्रसारी प्रोग्रॅमने इतर युक्त्यांबरोबर हीही वापरली. आधी माणसाचे नाव, मग तेच उलटे, मग सोबत आणलेली ४३२ शब्दांची यादी. हजारो संगणक मंदावले. तो लिहिणारा कॉर्नेल विद्यापीठाचा विद्यार्थी होता रॉबर्ट टॅपन मॉरिस, १९७९ चा तो निबंध लिहिणाऱ्या मॉरिस यांचा मुलगा.