जिराफ : शिरोबिंदू व कडांमधील बदल

अनेक संगणकांवर वाटून ठेवलेल्या आलेखावर (ग्राफवर) गणन चालू असतानाच त्यात शिरोबिंदू व कडा घालण्याची किंवा काढण्याची सोय. अपाची जिराफ ही मुक्तस्रोत जावा प्रणाली गूगलच्या 'प्रेगेल' या आलेख-गणन प्रणालीच्या धर्तीवर बांधलेली असून (प्रेगेलवरील शोधनिबंध २०१० सालचा) ही सोयही तिथूनच आली. फेसबुकने २०१३ मध्ये सुमारे एक लाख कोटी कडांचा आलेख जिराफवर चालवून दाखवला.

जिराफमध्ये काम 'सुपरस्टेप' नावाच्या फेऱ्यांत होते. एका फेरीत पाठवलेला संदेश पुढच्या फेरीत पोचतो, आणि सर्व वर्करचे (आलेखाचा एकेक भाग सांभाळणाऱ्या प्रक्रियांचे) काम उरकल्याशिवाय नवी फेरी सुरू होत नाही. शिरोबिंदूला स्वतःच्या बहिर्गामी कडा जागच्या जागी बदलता येतात. त्यात इतर कोणाचा संबंध येत नाही. बाकीच्या बदलांसाठी मात्र विनंती करावी लागते. ती संबंधित वर्करकडे जमा होते आणि पुढच्या फेरीच्या तोंडावर अमलात येते. त्यामुळे कुलुपे लावत बसावे लागत नाही.

एकाच शिरोबिंदूबद्दल परस्परविरोधी विनंत्या आल्या तर क्रम ठरलेला आहे: आधी कडा काढायच्या, मग शिरोबिंदू काढायचा, नंतर शिरोबिंदू घालायचा, शेवटी कडा घालायच्या. हा निवाडा 'व्हर्टेक्स रिझॉल्व्हर' करतो. समजा, पाचव्या फेरीत एकाने शिरोबिंदू ७ काढायला सांगितला आणि दुसऱ्याने ७ पासून ९ कडे कड घालायला. सहाव्या फेरीआधी ७ नाहीसा होतो. पण कडेला उगमबिंदू हवाच, म्हणून लगेच नवा ७ तयार होतो. त्याचे मूल्य कोरे असते, जुन्या बहिर्गामी कडा गेलेल्या असतात, उरते ती फक्त ९ कडची कड. कोणतीही त्रुटी नोंदवली जात नाही. एकच शिरोबिंदू अनेकांनी घातला तर यादीतला पहिला स्वीकारला जातो. हे न रुचल्यास रिझॉल्व्हर स्वतः लिहिता येतो.

खरी डोकेदुखी अंतर्गामी कडांची. कड तिच्या उगमबिंदूपाशी साठवलेली असते, त्यामुळे शिरोबिंदू काढला तरी त्याच्याकडे येणाऱ्या कडा इतरांकडे तशाच राहतात. अशा कडेवरून संदेश निघाला की मूळच्या मांडणीनुसार काढलेला शिरोबिंदू पुन्हा अवतरतो. संदेशामुळे होणारी ही निर्मिती बंद ठेवता येते, पण शेजाऱ्यांना आधीच्या फेरीत कळवून त्यांच्याकडून कडा काढवून घेणे अधिक निर्धोक. के-कोअर (ज्यातल्या प्रत्येक शिरोबिंदूला त्याच भागात किमान 'के' इतक्या जोडण्या असतात असा आलेखाचा भाग) शोधताना कमी जोडण्यांचे शिरोबिंदू फेरीगणिक गळत जातात, तेव्हा ही दक्षता घ्यावीच लागते.

बदलांचा वेग कडांच्या साठवणीवरही अवलंबून असतो. मूळ 'बाइट-अ‍ॅरे' रचना स्मृती वाचवते, पण एक कड काढायची तरी तिला सगळी यादी चाळावी लागते. कडा सतत काढायच्या असतील तर 'हॅशमॅप' रचना बरी. ती स्मृती जास्त खाते आणि त्याच दोन शिरोबिंदूंमध्ये एकाच दिशेच्या दोन कडा ठेवत नाही.