तलवारीचं पाणी

"डॉक्टर, उठलाय न्हवं?"

शुक्रवारची सकाळ म्हणजे आम्हा कुवेतकरांचा रविवार. पण अब्बासियात विमानं अगदी डोक्यावरून उतरतात, त्यामुळे उठलो होतोच. दारात आमचे दादा. दादा म्हणजे वरच्या मजल्यावरचे शेजारी, मूळचे वाईजवळच्या एका गावचे, इथे एका कंपनीत फोरमन. माझी डॉक्टरेट धातूंच्या गंजण्यातली. पण बिल्डिंगच्या हारिसपासून दादांपर्यंत सगळ्यांनी मला सरसकट 'डॉक्टर' करून टाकलंय, आणि सर्दी-खोकल्यावरचे सल्लेही माझ्याकडेच मागतात. या वेळी रोगी मात्र खरंच माझ्या विषयातला निघाला.

दादांनी मोबाईल पुढे केला. गावचं जुनं घर पाडताना माळ्यावर धोतरात गुंडाळलेली एक तलवार सापडली होती. त्यांचे प्रश्न तीन. महाराजांच्या काळातली आहे का? किंमत किती येईल? आणि इथे आणून एखाद्या शेखला विकता येईल का? लेकीच्या इंजिनिअरिंगची फी डोक्यावर होती, त्यामुळे तिसरा प्रश्न चेष्टेचा नव्हता. मग जाता जाता म्हणाले, "धाकटा सोमवारी फॅब्रिकेशनवाल्याकडं नेतोय. बफ मारून चकाचक करतो म्हणतोय. दसऱ्याला पुजायची हाय."

चहाचा कप खाली ठेवला आणि म्हटलं, "दादा, आधी भावाला फोन लावा."

इतकी घाई का, ते सांगायला हवं. मी दहावीत असताना हाच उद्योग आमच्या घरी केला होता. आजोबांची तलवार होती. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी चिंच, विटेची पूड आणि पॉलिश पेपर घेऊन बसलो आणि संध्याकाळपर्यंत ती आरशासारखी केली. घरातल्यांनी पाठ थोपटली. आजोबा पात्यावरून बोट फिरवत एवढंच म्हणाले, "इथं अक्षरं होती रे." कोणती, ते त्यांनाही वाचता आलेलं नव्हतं. आता कोणालाच येणार नाही.

त्यात नेमकं काय गेलं, हे मला खूप नंतर, जपानमध्ये डॉक्टरेट करताना कळलं. तिथे तलवार तपासणारा माणूस आधी मुठीतली बांबूची बारीक खुंटी काढतो, मूठ उतरवतो आणि आतला लोखंडी शेपटा बघतो. त्यावर घडवणाऱ्याची सही असू शकते, आणि सहीभोवती शेकडो वर्षांचा काळपट गंज. तो गंज कोणीही, कधीही पुसायचा नसतो, कारण वयाचा दाखला तोच. नवीन सही खोदून जुन्या नावावर खपवणारे तिथेही होऊन गेले. पण सही आणि गंज यांचं जमत नसेल तर लबाडी उघडी पडते. होनामी नावाच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या तलवारी पारखण्याचं काम केलं. ते जी घडीची प्रमाणपत्रं देत त्यांना 'ओरिगामी' म्हणत. होय, कागदाच्या पक्ष्यांचीच ओरिगामी! आजही खात्रीच्या वस्तूला जपानी माणूस 'ओरिगामीवाली' म्हणतो. १९४५ नंतर अमेरिकी अंमलात जपानी लोकांकडच्या तलवारी मोठ्या प्रमाणावर जप्त झाल्या. १९४८ साली त्या जपण्यासाठी एक संस्था निघाली, ती आजही तपासून प्रमाणपत्र देते. पात्याला पॉलिश करणं हा तिथे वर्षानुवर्षं शिकायचा वेगळा धंदा आहे, कारण प्रत्येक पॉलिशमध्ये थोडं पोलाद कायमचं जातं.

आपल्या तलवारीत हे काम जास्त अवघड. आपली मूठ खुंटीने नाही, तर बहुधा लाख-राळेसारख्या मसाल्याने बसवलेली असते. मुठीच्या पोकळीत मसाला गरम करून भरायचा, शेपटा खुपसायचा, झालं. मसाला सैल झाला की मूठ बदलता येते, आणि लोक ती बदलतही. त्यामुळे पातं एका काळातलं आणि मूठ दुसऱ्या, हे आपल्याकडे अगदी सर्रास. म्हणून दोन्हींची तपासणी वेगवेगळी करायची.

दादांच्या भावाला व्हिडिओ कॉलवर घेतलं. खोली अंधारी करायला सांगितली आणि टॉर्च पात्याला जवळजवळ टेकवून तिरपा धरायला लावला. समोरून पाडलेल्या उजेडात न दिसणाऱ्या खुणा तिरप्या उजेडात सावल्यांनी दिसतात. पातं सरळ, लांबीच्या दिशेने तीन बारीक खोबणी. मुठीजवळ दोन्ही बाजूंनी आधाराच्या पट्ट्या रिव्हेट केलेल्या. मूठ मराठा धाटणीची, बोटं झाकणारी रुंद परज आणि वरून निघालेला लांब दांडा. खोबणीजवळ गंजाखाली काहीतरी होतं. भावाने टॉर्च हलवला तसे समोरासमोर ठेवलेले दोन दातेरी विळे उमटले.

"शिक्का हाय का हो?" दादांचा आवाज एकदम चढला.

शिक्का होता, पण आपला नव्हता. विळ्यांची ही खूण इटलीतल्या जिनोआच्या पात्यांशी जोडली जाते. ती इतकी नावाजली गेली की जर्मनीपासून कॉकेशसपर्यंत आणि आपल्याकडेही तिची नक्कल झाली. म्हणजे पातं एकतर युरोपातून आलेलं, किंवा युरोपी भासावं म्हणून इथे घडवलेलं. काळ सतराव्या शतकाची अखेर ते अठरावं शतक. हातात घेतल्याशिवाय याहून जास्त बोलणं म्हणजे थाप.

दादांचा चेहरा उतरला. "म्हंजे इदेशी माल?"

इथे मला त्यांना आपल्याच इतिहासातली एक गोष्ट सांगावी लागली. मराठ्यांच्या सरळ पात्याच्या तलवारींपैकी अनेकींची पाती पोर्तुगीज आणि इतर व्यापाऱ्यांकडून आलेली, जर्मनीतल्या झोलिंगेनसारख्या गावांत घडलेली असत. त्यांना 'फिरंग' म्हणत. पातं विकत घ्यायचं आणि आपल्या हाताला, आपल्या वाराला जमेल अशी मूठ चढवायची. यात कमीपणा कोणाला वाटत नव्हता. नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या नावाची तलवार एप्रिल २०२५ मध्ये लंडनला सदबीजच्या लिलावात निघाली. महाराष्ट्र शासनाने ती ४७ लाख १५ हजार रुपयांना घेतली आणि १८ ऑगस्ट २०२५ ला ती मुंबईत आली. तिचं पातं युरोपी आहे, आणि त्यावर देवनागरीत सोन्याने लिहिलंय: 'श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेब सुभा फिरंग'. लपवाछपवी नाही, उलट 'फिरंग' हा शब्द मालकाच्या नावाशेजारी सोन्यात! १८७५-७६ च्या दौऱ्यात प्रिन्स ऑफ वेल्सला कोल्हापूरहून मिळालेली, शिवाजी महाराजांची म्हणून नोंदलेली तलवार ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात आहे. तिचं पातंही युरोपीच.

गंमत म्हणजे मी जिथे राहतो त्या अरब मुलखात हाच प्रकार उलट्या दिशेने होता. इथे मुलांचं 'मुहन्नद' असं एक नाव असतं. बरेच दिवस मी ते मोहम्मदचंच एक रूप समजत होतो :) त्याचा खरा अर्थ हिंदी पोलादाची तलवार. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-किंदी या तत्त्वज्ञाने खलिफा अल-मुअतसिमसाठी तलवारींच्या जातींवर एक निबंध लिहिला. त्यातल्या अव्वल जातींत येमेनीबरोबर हिंदी तलवार आहे. या जातींना तो 'अतीक', म्हणजे जुनी, म्हणतो, आणि लगेच सांगतो की इथे जुनी म्हणजे वयाने नव्हे, खानदानी गुणांनी. मला हे फार आवडलं.

त्या हिंदी पोलादाची एक नावाजलेली जागा आपल्या नांदेडच्या पलीकडे, तेलंगणातलं कोनासमुद्रम. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाही इराणी व्यापारी तिथे पोलाद घ्यायला येत. बंद मुशीत लोखंड आणि कार्बन देणारा पाला-लाकूड एकत्र वितळवायचं, सावकाश निववायचं आणि मग जपून कमी आचेवर ठोकायचं. अशा पोलादात दीड टक्क्याच्या आसपास कार्बन असतो, आणि पात्यावर वाहत्या पाण्यासारखी नक्षी उमटते. तिलाच जौहर म्हणतात. आपण 'पाणीदार तलवार' म्हणतो तेव्हा ही नक्षी आठवावी. अमेरिकेतल्या व्हर्होवेन आणि पेंड्रे यांनी १९९८ मध्ये दाखवलं की या पट्ट्यांमागे व्हॅनेडियमसारख्या धातूंचा अगदी किंचित अंश असतो. २००६ मध्ये जर्मनीत ड्रेस्डेनच्या शास्त्रज्ञांना सतराव्या शतकातल्या अशाच एका पात्यात कार्बनच्या नॅनोनळ्या सापडल्या. लोहाराला यातलं काही माहीत नव्हतं, पण त्याच्या हाताला होतं.

इथल्या शुक्रवारच्या बाजारात 'जुन्या हिंदी तलवारी' म्हणून काय काय विकायला असतं! बऱ्याचशा भारतातच बनवून अ‍ॅसिडने म्हाताऱ्या केलेल्या. ओळखायच्या कशा? गंज सगळीकडे सारखाच तांबडा असतो, खड्डे एकाच मापाचे. नक्षी आतून आलेली नसते, वर छापल्यासारखी दिसते. खोदलेल्या अक्षरांच्या कडा तीक्ष्ण असतात, गंज कापून खाली गेलेल्या. खरा जुना गंज गडद, घट्ट आणि वेडावाकडा असतो. एखाद्याने महाराजांचं नाव घातलेली तलवार स्वस्तात देऊ केली तर हात खिशातच ठेवावेत.

नावाचंही तसंच. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमकडून जुलै २०२४ मध्ये वाघनखं तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आली. ती ग्रँट डफकडे होती, आणि पेटीवर अफझलखानाच्या वधाचा उल्लेख आहे. पण ती हीच वाघनखं, याला पुरावा नाही असं म्युझियम स्वतःच सांगतं. अपमान वाटून घेण्यासारखं त्यात काही नाही. पुरावा असेल तितकंच बोलावं, एवढाच त्याचा अर्थ.

आता बफचं. बफ पोलाद खातो, आणि असे शिक्के केसाएवढेच खोल असतात. शिवाय तापवतो. दोनशे अंशांच्या वर धातूवर पिवळी, मग निळी झाक येते आणि धारेचा कडकपणा उतरतो. मुठीतली लाख तर ऐंशी अंशांच्या आसपासच मऊ पडते. एका तासात शिक्का, धार आणि मूठ, तिन्ही जातात. भावाला मग फोनवर सांगितलं ते असं:

१. आधी भरपूर फोटो. कुठे, कशात, कोणाच्या माळ्यावर सापडली ते तारखेसह लिहून ठेवा. ते धोतरही टाकू नका.

२. उघड्या हाताने पात्याला शिवू नका. घामातलं मीठ बोटांच्या ठशांसकट गंजतं.

३. पाणी, चिंच, लिंबू, राख, तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, काही नको. मऊ सुती कापडाने धूळ पुसा, आणि शिवणयंत्राचं तेल पुसल्यासारखं अगदी पातळ लावा. खोबरेल किंवा शेंगतेल नको, ते पुढे आंबट होऊन चिकटतं.

४. काळपट घट्ट गंज तसाच राहू द्या. नारिंगी, भुकटी सुटणारा गंज मात्र जिवंत असतो. तिथे तेल मुरवून बांबूच्या काडीने हलकेच खरवडा. न जमल्यास जाणकाराला दाखवा.

५. म्यानात ठेवू नका. चामडं आणि मखमल ओल धरतात. म्यान वेगळं जपा.

६. पूजा जरूर करा. हळद-कुंकू समोरच्या पाटावर वाहा. लिंबू टोकाला खोचू नका, ताटलीत ठेवा. लिंबाचा रस पोलाद खातो.

राहिला शेखचा प्रश्न. १९७२ च्या पुरावशेष कायद्याने शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. ती कुवेतला येणार नाही, विषय संपला. शस्त्र म्हणून घरी ठेवण्याबद्दल आपल्या पोलीस ठाण्यात विचारून घ्यावं, आणि ओळख पटवायला जिल्ह्याच्या वस्तुसंग्रहालयात दाखवावी, असं सुचवलं. किंमत मी सांगितली नाही, कारण ती सांगण्याएवढं मला कळत नाही. फीची सोय दादांना दुसरीकडूनच करावी लागली. हे लिहिताना मलाही बरं वाटत नाही, पण खोटी आशा दाखवणं त्याहून वाईट होतं.

भावाने ऐकलं. खंडेनवमीला फोटो आला. पाटावर लाल कापड, त्यावर तपकिरी-काळी तलवार, शेजारी ताटलीत लिंबू.

दादा बराच वेळ बघत होते. "काळीच ऱ्हायली की वो."

"काळी आहे, पण विळे आहेत ना?"

त्यांनी फोटो मोठा करून बघितला. "हायत," म्हणाले.

असो. आमच्या घरची तलवार अजूनही भिंतीवर लखलखते आणि पाहुणे कौतुक करतात. तुमच्याही माळ्यावर असं काही गुंडाळून ठेवलेलं असेल, तर या दसऱ्याला तेवढं पॉलिशवाल्याकडे नेऊ नका. एखादा आजोबा घरात असेल तर आधी त्याला विचारा, काय लिहिलं होतं म्हणून.